पाटीवर शेकडा सात

बँकेत काम करणाऱ्याकडं पैसा साठत नाही हो, किस्से साठतात! बेळगावातली आमची ती छोटी बँक लढाईच्या दिवसांत बुडाली. लोकांचे पैसे गेले. किस्से तेवढे माझ्या गळ्यात पडले. मी तिथं क्लार्क होतो. ऐका.

आमच्या मॅनेजरना सगळे आप्पा म्हणायचे. मुंबईचा पेपर आला की हा माणूस पहिलं पान उघडायचाच नाही! आधी सरकारी रोख्यांचे भाव. एकदा कॅशियर गोविंदरावांनी विचारलं, "आप्पा, लढाईचं काय?"

"रोखे पडले. म्हणजे व्याज चढणार," आप्पा मान वर न करता म्हणाले.

"माझं पोरगं हाय वो तिकडं."

आप्पांनी पेपर मिटला आणि गोविंदरावांच्या हातात दिला. 

---

दारात एक पाटी टांगलेली असायची. ठेवीवरचा व्याजदर रोज खडूनं लिहायचा. आमचा चार टक्के. निपाणीचे एक तंबाखूवाले शेटजी पाटी बघून हसले.

"शेजारची बँक पाच देतीया की!"

आप्पांनी बाकावर बसवून समजावलं. "शेटजी, ज्याला पैशाची नड जास्त, त्यो व्याज जास्त देतो. चढा दर दिसला की सावध व्हायचं."

शेटजींनी सगळं ऐकून घेतलं, चहा पिला, उठले. "तुमच्याकडं पैसा न्हाय म्हणून तुम्ही चार देताय. त्यांच्याकडं लई हाय, म्हणून पाच!"

आणि गेले की शेजारी! अख्खा बाजार त्यांच्यामागं. शेवटी आम्हीही पाटी पुसली आणि पाच लिहिलं.

---

पाच टक्के द्यायचे तर कमवायचे कुठून? डायरेक्टर म्हणाले, "देशात कारखाने निघणार, त्यात घाला." घातले! गुंजीजवळ काडेपेटीचा कारखाना. वर्षभरानं मी आणि आप्पा बघायला गेलो. स्टेशनवर उतरून रान तुडवत पोचलो, तर काय? एक बोर्ड, बोर्डाला बांधलेली शेळी आणि एक वॉचमन.

"कारखाना कुठाय रं?" आप्पांनी विचारलं.

वॉचमन गडबडला. हात जोडून म्हणाला, "साहेब, शेळी तेवढी माझी हाय!"

गाडीत मी हसत सुटलो. आप्पा बेळगावपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. नंतर हळूच म्हणाले, "उद्या पाटीवर सहा लिही."

---

सहाचे सात झाले आणि दारात रांग लागली! माणसं खुशीत होती. आत तिजोरीत काय उरलंय ते आप्पांना ठाऊक, मला ठाऊक. नव्या ठेवीतून जुन्यांचं भागवत होतो. लाज वाटायची, पण पोट होतं.

त्या रांगेत एक दिवस आप्पांची थोरली बहीण. वडगावची आक्का, विधवा बाई. हातमागावर लुगडी विणून लेकीच्या, सुमीच्या लग्नाला पैसा जमवलेला. रुमालाची गाठ तिनं काउंटरवर सोडली.

"आक्का, हे घरी ने," ते कुजबुजले.

आक्काचा आवाज मागाच्या खडखडाटात वाढलेला. "का रं? लोकांचं घेतोस, बहिणीचं न्हाय व्हय?"

रांगेत मागं उभ्या अनगोळच्या पाटलानं आपले पैसे परत खिशात घातले. आता एक शब्द वाकडा गेला असता, तर संध्याकाळपर्यंत सगळे ठेवी मागायला आले असते.

आप्पा मोठ्यानं हसले. "थट्टा केली गं!" आणि पावती त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. अनगोळच्या पाटलानं पैसे पुन्हा बाहेर काढले.

आठवड्यात बँकेला कुलूप लागलं. पाटी तशीच लटकत होती, शेकडा सात.

---

सुमीचं ठरलेलं लग्न मोडलं. दिवाळी आली. भाऊबीजेला आप्पा एकटे जाईनात, मला ओढून नेलं. वाटलं होतं, आक्का दार लावून घेईल. तसं काही नाही. पाट मांडला, कुंकू लावलं, शांतपणे ओवाळलं. सुमी फराळाची ताटली घेऊन भिंतीशी उभी.

आप्पांनी ताटात दहाची नोट घातली.

आक्कानं ती उचलली, नीट घडी केली आणि भावाच्या हातात परत ठेवली.

"तुझ्याकडंच राहू दे रं. आता काय दर चाललाय?"