साहेबाचा लाल फोन

नव्वदच्या दशकात आमच्या माधवनगरच्या घरी फोन आला, तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, टेलिफोन खात्याने दिलेला काळा सेट महिनाभरातच माळ्यावर टाकला. बैठकीत शोभत नाही म्हणाले. सांगलीच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक लाल सेट आणला. कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीच्या साहेबाच्या टेबलावरचा होता म्हणे. त्या दिवसापासून मामंजीही साहेबासारखे बोलू लागले. फक्त त्यांचं बोलणं पलीकडे पोचत नव्हतं.

ऐकू मात्र खणखणीत यायचं, इतकं की शेजारी उभ्या असलेल्यालाही वेगळा कान लावावा लागत नसे. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून थकायचा आणि फोन ठेवायचा. मामंजींचं निदान ठाम होतं. आमच्या आवाजात दम नाही. ट्रंककॉलच्या काळातला माणूस तो. लांबच्या गावी बोलायचं तर लांबवर जाईल असंच ओरडायचं. साताऱ्याच्या नणंदेची तब्येत ते अशी विचारत की कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही मला तिच्याबद्दल विचारू लागला. नणंदेला यातलं काही कळत नसे.

मग दुरुस्ती झाली. बोलायच्या बाजूचं झाकण फिरवून काढलं, आतली भोकाभोकांची चकती फुंकली, तळहातावर आपटली, रॉकेलच्या फडक्यानं पुसली आणि दोन दिवस गच्चीवर माझ्या कुरडयांशेजारी उन्हात ठेवली. कुरडया छान वाळल्या. "जुना सेट लावून बघू या का?" असं मी एकदा विचारलं, तर कुलदैवत बदलायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आमचा नंबर गल्लीतल्या दहाजणांनी 'पी.पी.' म्हणून दिला होता, म्हणजे फोन आमचा आणि निरोप शेजाऱ्यांचे. पलीकडच्या बुद्धवस्तीतल्या एका मावशींच्या मुलानंही दिला होता. मुलगा फौजेत, लांब उत्तरेला. मावशी बेदाणा निवडायला रोज एस.टी.नं तासगावला जात. मध्यंतरी त्यांना सलाइन लावलं होतं आणि ते कुणीतरी त्याला पत्रातून कळवलं होतं.

एका रविवारी त्याचा फोन आला.

"आईला बोलवा की जरा."

मामंजी ओरडले, "बोलावतो!" तिकडे काहीच गेलं नाही. तो थांबला, पुन्हा हॅलो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "बोलवायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. आई बरी हाय का, तेवढं सांगा."

"बरी आहे!" मामंजी तीनदा ओरडले. फोन बंद झाला. आम्ही मुद्दाम गप्प बसलो, असं त्याला वाटलं असणार. मामंजी म्हणाले, "फौजेत राहून कान गेलेत पोराचे."

मी मावशींना निरोप दिला. पुढच्या रविवारी पुन्हा फोन येईल म्हणून त्या सकाळपासून येऊन उभ्या राहिल्या, बाहेर, खिडकीपाशी. वस्तीतल्यांचा फोन खिडकीतून द्यायचा अशी आमच्याकडे पद्धत होती. आम्ही जातपात मानत नव्हतो हो, वायर दारापर्यंत पुरत नाही, असं मामंजी सांगत. व्याह्यांचा फोन आला की तीच वायर माजघरापर्यंत जायची.

फोन वाजला. मामंजींनी आधी आपला दम वापरून पाहिला, मग रिसीव्हर गजांतून बाहेर दिला. मावशींनी जन्मात फोन धरला नव्हता. त्यांनी तो उलटा धरला आणि ऐकायच्या टोकात तोंड घातलं.

"अहो, उलटा आहे तो," मामंजी हसले. मलाही हसू आलं.

"बाळा, मी हाय," मावशी म्हणाल्या.

"आई? लय लांबनं येतोय आवाज. पर येतोय."

मामंजींचं हसू तिथंच राहिलं. ऐकायच्या टोकातूनही बारीकसा आवाज उलटा जातो, हे पुढे एका लाइनमननं आम्हाला सांगितलं. मावशींना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या तोच भाग कानाला लावून ऐकत, मग तोंडाशी नेऊन बोलत.

"सलाइन लावलं व्हतं म्हनं?"

"आता बरी हाय. कामाला जातीया रोज."

मग त्यानं विचारलं, आणि ते आम्ही आत उभ्या असलेल्या दोघांनीही स्पष्ट ऐकलं.

"आई, तुला घरात घेत्यात का गं ती?"

मावशींनी गजांतून माझ्याकडे पाहिलं. मग रिसीव्हर तोंडाशी नेला.

"घेत्यात की. खुर्चीत बसलीया. सूनबाईनं च्या दिलाया. तू नगो काळजी करू."

मला लाज वाटली. मामंजी भिंतीकडे बघत राहिले. मी दारापासून दोन पावलांवर होते. दार उघडू नको, असं मला कुणीही म्हटलं नव्हतं.