भीमरावांचं नवं गाणं आणि रेडिओतली बाई

आमच्या घरातलं एकच माणूस रेडिओवर गायलं आहे, आणि दुर्दैवानं ते माणूस मी आहे.

मी म्हणजे कोण, तर रिक्षात बसल्यावर आपलं ठिकाण आलं तरी जिला "थांबवा" म्हणवत नाही ती बाई. दुसरं कुणीतरी थांबवेल, त्याच्याबरोबर उतरू, अशी मी वाट बघते आणि मग पुढे गेलेलं सगळं चालत मागे येते. (मी भाजीला गेले की घरच्यांना वाटतं, मंडई लांब हलवली.) चौथीनंतर शाळा सुटली आणि विड्या वळायचं सूप मांडीवर आलं. सुपाशी बोलावं लागत नाही, त्यामुळे आमचं दोघांचं चांगलं जमलं.

गाण्यातलं माणूस खरं म्हणजे आमचे हे. उभा जन्म बँडमध्ये क्लॅरनेट वाजवली. एके काळी यांचे गाल फुगल्याशिवाय आमच्या भागातला नवरदेव घोड्यावर बसत नव्हता. आता वरातीपुढे डीजेची गाडी असते आणि हे घरी असतात.

घर म्हणजे पत्रा. पत्र्याला भोकं आहेत. दुपारी त्यांतून उन्हाचे गोल फरशीवर पडतात, आणि दिवस कलेल तसे सरकत सरकत माझ्या सुपात येऊन बसतात. एका दुपारी हे त्या गोलांकडे कितीतरी वेळ बघत होते. मला वाटलं, पत्रा बदलायचं मनावर घेतलं. तर यांनी क्लॅरनेट उचलली आणि मी कधीच न ऐकलेलं काहीतरी वाजवलं. मग क्लॅरनेट मांडीवर ठेवून हळू आवाजात म्हणून दाखवलं:

"उन्हं कलली, सावली घराला आली,
दारात उभी राहिली, कुणी न बोलावली..."

माझ्या हातातली विडी अर्धी वळायची तशीच राहिली.

"कुणाचं हाय ओ हे?"

"माजंच की," हे म्हणाले आणि लाजले. आमच्या घरात लाजायचं काम खरं तर माझ्याकडे आहे.

त्या दिवसापासून यांना एकच ध्यास लागला. लहानपणी हे चहाच्या हॉटेलबाहेर उभे राहून रेडिओ ऐकायचे. हॉटेलवाला हाकलून देईपर्यंत जेवढं गाणं कानात शिरेल तेवढं घरी येऊन वाजवायचे. "जलमभर दुसऱ्याची गाणी रस्त्यावर वाजवली," हे म्हणाले. "येक आपलं त्या डब्यातनं यावं. येकदाच. आनि म्या हितं बसून ऐकावं. बस."

मग आम्ही रेडिओच्या ऑफिसात गेलो. हे बँडचा लाल कोट घालून निघाले, सोनेरी झालरीचा. मी म्हटलं, साधा सदरा घाला. तर म्हणाले, कलाकार दिसाय नगं? दारावरच्या माणसानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "वाढदिवस कुणाचा आहे? केक कुठाय?"

आत एक गोड मुलगी होती. तिनं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि शकीलाभाभीच्या मोबाइलवर आम्ही भरून आणलेलं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. (शेजारच्या शकीलाभाभीनं मोबाइल दिला होता, आणि तिच्या शेळीनं मधे मधे आवाज दिला होता.)

"काका, गाणं छान आहे हो," ती म्हणाली. "पण अडचण अशी आहे, आमच्याकडे जुन्या कलाकारांची जुनी गाणी लागतात आणि नव्या कलाकारांची नवी."

"मग माजं?"

"तुमचं... म्हणजे जुन्या कलाकाराचं नवं गाणं. ते कुठल्या वेळेत बसवायचं? सकाळी भक्तिगीतं, दुपारी जुनी, संध्याकाळी नवी. कॉम्प्युटरमध्ये तसा खणच नाही."

यांनी थोडा विचार केला. "मग असं करा. आत्ता ठिवून घ्या. जुनं झालं की लावा."

मुलगी हसली, मग तिचं तिलाच वाईट वाटलं. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा बिचारी उगाच बोलून गेली, "लोकांची फर्माइश आली तर साहेब विचार करतात कधी कधी."

संपलं. त्या एका वाक्यावर हे घरापर्यंत तरंगत आले.

आता आमच्या बोळाचं सांगते. इथं घरोघर बायका विड्या वळतात, आणि घरोघर रेडिओ. दुपारी सगळे एकाच स्टेशनला लावलेले असतात. मारुतीच्या पारापासून चालत निघालात तर आमच्या दारापर्यंत गाण्यातला एक शब्द चुकत नाही. एक घर मागे पडतं तेव्हा पुढच्या घरानं तोच सूर धरलेला असतो. डोळे मिटून चाललं तर वाटतं, भिंतीच गातायत. अशा बोळातून पाहिजे तेवढी फर्माइश निघेल, असा यांचा हिशेब.

ठरलेल्या दुपारी फर्माइशीचा कार्यक्रम सुरू झाला आणि बोळातल्या सगळ्या मोबाइलांनी एकदम फोन लावला. त्यामुळे झालं काय, की आम्हीच एकमेकींना आड येत होतो. ज्याला त्याला लाइन बिझी! हे रेडिओला कान लावून, क्लॅरनेट मांडीवर घेऊन बसलेले. शकीलाभाभी माझ्या शेजारी बसून पुन्हा पुन्हा नंबर दाबत होती. तेवढ्यात तिला जळका वास आला.

"भाभी, जरा पकडो. दाल उतारके आती." माझ्या हातात मोबाइल देऊन ती गेली.

आणि तो लागला.

"नमस्कार, कोण बोलतंय?" आतून एक गडी म्हणाला.

मी बोलले नाही. मला वाटलं, शकीलाभाभी येईस्तोवर गप्प बसावं.

"हॅलो? कुठून बोलताय?"

"घरातनं," मी म्हटलं.

आणि जरा वेळानं आमचा रेडिओ म्हणाला, "घरातनं." पलीकडचं घर म्हणालं, "घरातनं." पाराकडून अगदी बारीक आवाजात आलं, "घरातनं." जन्मभर जो आवाज मी घराबाहेर जाऊ दिला नाही, तो बोळभर फिरून मलाच येऊन भेटत होता. मग त्या सगळ्या आवाजांची एक मोठी शिट्टी झाली, आणि शकीलाभाभीच्या शेळीनं दावं तोडलं.

"ताई, रेडिओ बंद करा. शेजारचासुद्धा!" गडी ओरडला. "नाहीतर फोन ठेवावा लागेल."

हे ऐकताच यांनी आमचा रेडिओ बंद केला आणि उडी मारून बाहेर पळाले. गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत हे, पण त्या दिवशी घरोघर शिरले. "बंद करा, बंद करा! माजं गानं लागायलंय!" कुठपर्यंतचे रेडिओ बंद करायचे हे यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून यांनी पारापर्यंतचे सगळे बंद केले.

शिट्टी थांबली. सगळं शांत झालं. उन्हाचे गोल सुपापाशी आले होते.

"आता कसं छान," गडी म्हणाला. "बोला ताई, कुठलं गाणं?"

"उन्हं कलली."

"कुणी गायलंय?"

"ह्यांनीच की."

"हे म्हणजे कोण?"

"आमचे हे."

आता नवऱ्याचं नाव असं सरळ घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि ते त्या गड्याच्या लक्षात आलं. त्याला लई आनंद झाला. "मग उखाण्यात घ्या की ताई. सगळं सोलापूर ऐकतंय."

सगळं सोलापूर ऐकतंय म्हटल्यावर मी मोबाइल खाली ठेवायलाच निघाले. पण गप्प राहिले तर फोन जाणार, आणि फोन गेला तर यांचं गाणं गेलं. समोर सूप होतं, तेच बोलले:

"सुपात तंबाखू, हातात पान, भीमरावांच्या क्लॅरनेटला अख्ख्या बोळाचा कान."

"वा! पण ताई, हे गाणं आमच्याकडे नाहीये. दोन ओळी गुणगुणता का?"

मी डोळे मिटले. मिटल्यावर पत्रा दिसला, गोल दिसले, आणि दारात ती सावली उभी. मी गायले. दोन ओळी कुठं संपतात ते डोळे मिटल्यावर कळत नाही, त्यामुळे मी सगळंच गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला जवळूनच क्लॅरनेट सुरू झाली. मला वाटलं, मनातच वाजतेय. डोळे उघडून बघते तर हे परत आलेले, उंबऱ्यावर बसून, धाप लागलेली असतानाही, हळूच वाजवत होते. मी मोबाइल त्यांच्याकडे धरला. गाणं संपलं. तो गडी म्हणाला, "धन्यवाद ताई," आणि साबणाची जाहिरात लागली.

शकीलाभाभी डाळीचं पातेलं घेऊनच पळत आली. "हुआ क्या? बजा क्या गाना?"

"वाजलं," हे म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "कसं वाटलं रेडिओत?"

शकीलाभाभीनं बोळाकडे बघितलं. दारादारांत बायका उभ्या होत्या, शहाण्यासारखे रेडिओ बंद करून. सगळ्या यांच्याकडेच बघत होत्या, कसं वाटलं ते ऐकायला.

"भाईसाब," ती हळूच म्हणाली, "सुना किसने?"

हे उंबऱ्यावरच बसून राहिले. जन्मात एकदा गाणं डब्यातून निघालं, आणि त्या वेळी हे तोच डबा बंद करत हिंडत होते. मी क्लॅरनेट पुसून पेटीत ठेवली. मग चहा टाकला.

चहा उकळला तेवढ्यात यांचा जुना, बटणांचा मोबाइल वाजला. माझी नणंद सुशीला. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. तिचा आवाज फोनशिवायही चिंचोळीहून इथं येईल असा आहे.

"दादा! आमच्या रेडिओवर तुजी क्लॅरनेट लागली की रं! पंखा बंद पडला म्हनून ऐकू आली. म्या सगळ्यांस्नी सांगितलं, ह्यो माजा दादा हाय!"

हे ताडकन उठले. "ऐकलीस? खरंच? कशी वाटली गं? डब्यातनं कशी वाटली?"

सुशीलाचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "लांबनं आल्यावानी. लहानपनी हॉटेलापुढं हुबं ऱ्हाऊन ऐकायचो बग, तशी. लई ग्वाड."

यांनी डोळे मिटले. तसेच उभे राहिले, मोबाइल कानाला. तेव्हा मला कळलं, ऐकलं यांनी. डब्यातून नाही, बहिणीकडून, पण ऐकलं.

"पर दादा," सुशीला म्हणाली, "मदी ती बाई कोन रडत हुती?"

माझी नणंद घरी आली की तीच बोलते. इतक्या वर्षांत माझा आवाज तिच्या कानावर पडायला जागाच मिळाली नव्हती, ओळखणार कशी?

"फुडच्या बारीला तिला घिऊ नगंस. बदल ती बाई."

यांनी माझ्याकडे बघितलं. "न्हाय बदलत," हे म्हणाले. "लई वर्सांची हाय."

परवा मंडईहून येताना रिक्षात रेडिओ चालू होता. मनात आलं, या डब्यातून आपण सगळ्या सोलापूरसमोर गायलोय, एका रिक्षावाल्याला "थांबवा" म्हणायला काय लागतं? आमचा बोळ आला, तशी मी चांगली मोठ्यानं म्हणाले, "थांबवा."

त्याला ऐकू गेलं नाही. रेडिओवर कुणीतरी गात होतं. मी पुढच्या चौकातून चालत आले.