हिंमतरावाचा कासरा

हिंमतरावाचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच कबूल करतो. देऊळघाटात वीस वर्षं माझं गॅरेज आहे आणि हा वांगी-भेंडी पिकवणारा माणूस. तरी कुणाचा पंप बिघडला, फवारणीचं मशीन अडलं की लोक आधी त्याच्या मळ्यात जातात. शिकला कुठे? कुठेच नाही. उघडून बघत बघत शिकला, म्हणे. मग मी उस्तादाच्या शिव्या खात सहा वर्षं पाने पुसले ते कशाला?

त्याची जुनी गाडी सकाळी चालू केली की निळा धूर ओकायची. माझ्याकडे आणली तेव्हा मी चारचौघांत सांगितलं, "इंजिनातल्या वॉलचे, म्हणजे झडपांचे, सील गेले. इंजिनचं हेड उतरवल्याबिगर होत नाही. झालं तर मिशी काढीन."

तो "हाव" म्हणाला आणि गाडी घरी घेऊन गेला. आठच दिवसांत कानावर आलं, पठ्ठ्या हेड न उतरवता अंगणातच सील आणि स्प्रिंगा बदलून राहिलाय. मला राहवलं नाही. गेलो.

बघतो तर काय, बैलाचा सुती कासरा त्याने प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये कोंबला होता. पान्याने इंजिन हाताने फिरवलं की पिस्टन वर येऊन कासरा दाबतो, कासरा वॉलला खालून धरून ठेवतो. मग स्प्रिंग काढली तरी वॉल आत पडत नाही. स्प्रिंग अडकवणारे ज्वारीएवढे लॉक हरवू नयेत म्हणून त्याच्या बायकोचं, सुभद्राबाईंचं, पापडाचं ताट शेजारी मांडलेलं. माझ्या डोक्यात हे वीस वर्षांत का आलं नाही? अंगाची आग आग झाली.

"या भगवंतभाऊ, वेळेवर आले. झालंच हाय," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. शेवटच्या सिलिंडरवरच्या एका स्प्रिंगची टोपी तिरकी होती. लॉक खाचेत बसलाच नव्हता. चालू केली की तो उडणार, वॉल आत पडणार, इंजिनचा चुराडा. माझी मिशी वाचणार.

मी सरकून बाजूला बसलो. त्याने कासरा काढला, प्लग लावले, वॉलवरचं झाकण ठेवलं, एकेक बोल्ट आवळला. मी चहा पीत होतो. गोडही लागत होता.

सुभद्राबाईंनी नारळ फोडला. हिंमतरावाने चावी माझ्या हातात ठेवली. "मिस्तरी तुमी. पहिली चावी तुमीच मारा."

मी चावी परत त्याच्या हातात कोंबली. स्वतःचाच राग आला. "उघडा झाकण," मी खेकसलो. "तिकडचा लॉक बसला नाही."

त्याने उघडलं, पाहिलं, कपाळाला हात लावला. पुन्हा कासरा घालून लॉक बसवला, सगळं लावून गाडी चालू केली. धुराचा लवलेश नाही.

दुसऱ्या दिवशी हा चौकात सांगत सुटला, "भगवंतभाऊनं वाचवलं, नाहीतर इंजिन गेलं होतं!" मिशीचा विषय त्याने काढला नाही, कुणाला काढूही दिला नाही. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

आता माझ्या गॅरेजात खिळ्याला एक कासरा टांगलेला असतो. परवा बीबी गावाहून आलेलं गिऱ्हाईक कासऱ्याचं काम पाहून थक्क झालं. "मिस्तरी, हे कोनापासून शिकले?"

हिंमतरावाचं नाव अगदी ओठांवर आलं.

"उघडून बघत बघत," मी म्हणालो.