दुसऱ्या पेटीतला आठ

तुमच्या दारात उभी असलेली गाडी तिच्या कागदांवर लिहिलेलीच गाडी आहे, हे तुम्ही स्वतः वाकून कधी पाहिलं आहे का?

आम्हीही पाहिलं नसतं. आम्ही बघायला गेलो होतो ते संडासाचं भांडं.

माझी आई भवानी पेठेतल्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायची आणि उरलेल्या वेळात बायकांच्या सभांची पत्रकं वाटायची. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले; शाळेच्या पुस्तकाआधी मला ‘किमान वेतन’ वाचता येत होतं. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ती अकलूजकडे ऊसतोड बायकांच्या तळांवर जाऊन राहायची. मग तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि ते थांबलं. कारण एकच. तिला खाली बसता येत नाही, आणि तळावर बायकांना जायला उसाच्या फडाशिवाय जागा नाही. ज्या गोष्टीवर तिने जन्मभर पत्रकं काढली, तिनेच तिला घरी बसवलं.

म्हणून जुनी कॅरॅव्हॅन. आतून पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि खुर्चीसारखं भांडं बसवलेली लांब व्हॅन. अक्कलकोट रोडवरच्या एका यार्डात अशी एक विकायला होती.

यार्डवाल्याने आम्हा दोघींना पाहिलं, मग आमच्या मागे पाहिलं.

"कुणी माणूस न्हाय आलं का संगं?"

"मग आमी काय म्हशी हाय व्हय रे?" आई म्हणाली.

तो हसला. मला हसू आलं नाही. तेवढ्यात आमच्या ओळखीचे मिस्त्री स्कूटरवरून पोचले आणि पुढचं सगळं तो त्यांनाच सांगू लागला. "डाक्टरची गाडी हाय, मिस्त्री. लई जपलेली." जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाकडे असा एक डॉक्टर असतो. ऊसतोडवाल्याची जपलेली गाडी कुणी विकताना मी ऐकलेलं नाही.

मिस्त्रींनी इंजिन ऐकलं, धूर पाहिला, छताला ओल आहे का ते दाबून पाहिलं. मी नळ सोडले, गादी उचलून खालची फळी ठोकली. आई आत गेली आणि साडीसकट, दार उघडं ठेवून, भांड्यावर बसली. कशालाही न धरता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"जमतंय गं," ती म्हणाली. ऑपरेशननंतर तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

उरला चासी नंबर. तो पुढच्या चाकामागे लोखंडात ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की छाप उठतो. मी गाडीखाली झोपून एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर छाप घेतला आणि आरसी बुकाशी ताडून पाहिला. आकडा न आकडा जुळला.

"झालं की!" यार्डवाला म्हणाला.

आईने गाडीच्या दारातूनच कागद मागितला, लांब धरला.

"ह्यात आठ दोन हायत. पहिल्याचं डोकं ल्हान, बूड मोठं. दुसऱ्याची दोनी पोटं सारखी, आणि ह्यो ओळीच्या खाली उतरलाय. दुसऱ्या पेटीतला खिळा हाय ह्यो."

वेगळ्या वळणाच्या पेटीतला खिळा ओळीत घुसला तर तो शोधून बाहेर काढणं, हेच तिचं काम होतं. मी पुन्हा गाडीखाली गेले. त्या आठापासून शेवटपर्यंतचं लोखंड घासून गुळगुळीत केलेलं होतं, त्यावर आकडे नव्याने ठोकलेले, वर ताजा काळा रंग. कागद एका गाडीचे, गाडी दुसरीच.

"मावशी, चासी गंजली की परत ठोकत्यात. चालतंय की."

मिस्त्री बुटांकडे बघत म्हणाले, "सगळीकडं असंच असतंय. कोण बघतंय?"

आणि तिसरी मी. उठसूट दुसऱ्यांना जाब विचारणारी मी म्हणाले, "आई, चालतंय ना. तुला तळावर जायचंय की नाही?"

आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुकादम कोऱ्या कागदावर अंगठा घेतो, म्हणून मी त्या बायकांस्नी भांडायला शिकवलं. आता तितं खोट्या नंबरावर बसून जाऊ?"

ती खाली उतरली ती थेट पोलीस चौकीत गेली. तिथे विचारलं गेलं, "गाडी घेतली न्हाय ना? मग तुमचं काय गेलं?" आईने तक्रार लिहून काढली, छाप जोडला आणि पोच मागितली. उद्या या, म्हणाले. ती बाकावर बसून राहिली. चौकीत संडास होता, पण खाली बसायचा. दुपार सरली, तिने पाण्याचा घोट घेतला नाही. शेवटी कंटाळून कुणीतरी शिक्का मारला.

या हंगामात आई घरीच आहे. उसाच्या गाड्या रस्त्यावरून जाताना ऐकते. यार्डवाल्यावर चिडणं सोपं आहे. माझ्या तोंडून निघालेल्या त्या ‘चालतंय’वर मी अजून चिडलेली आहे, कारण त्या यार्डाचा धंदा त्याच एका शब्दावर चालतो.

तुम्ही जुनी गाडी बघायला जाल तेव्हा पेन्सिल आणि कागद घेऊन जा. विसार देण्याआधी गाडीखाली शिरा, छाप घ्या, एकेक आकडा नीट बघा. काही खटकलं तर नुसते घरी परतू नका. तक्रार लिहून द्या आणि शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत बाकावरून उठू नका.