धुतलेला ओटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर तेव्हा आतल्या खोलीतच होती. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

बोईसर स्टेशनासमोर माझं शिलाईचं दुकान होतं. पुढं मशीन, मागं बिऱ्हाड. शेजारी भानूबाय — माहेर सातपाटीचं, नवरा समुद्रात बुडून गेलेला. तिचंही तसंच: ओट्यावर सुके बोंबील, सोडे, करंदी आणि मागं एक खोली. मी गावात नवा आलो तेव्हा मला जागा मिळेना. हिनं पाटी सरकवली आणि ओट्याचा कोपरा मला दिला. माझी मशीन पहिल्यांदा तिथं चालली. पहिला सदरा बोंबलांच्या वासासकट गिऱ्हाइकाच्या घरी गेला असणार! किती हसलो होतो आम्ही.

मग तारापूरला वीज केंद्राचं काम निघालं आणि बोईसर पालटलं. साहेबलोक माझ्याकडं पँटी शिवायला येऊ लागले. नाकाला रुमाल लावून मापं द्यायचे. दोघेतिघे पुन्हा फिरकलेच नाहीत. आणि मला — कसं सांगू — मलाही तो वास यायला लागला. इतकी वर्षं कुठं होता तो?

त्याच सुमारास स्टेशनाजवळच्या घरांसाठी नवे नियम आले. ज्या घरात आधीपासून धंदा आहे तिथं पुढं दुकान, मागं राहणं चालू ठेवायचं. जिथं नुसतंच राहणं आहे, तिथं यापुढं धंदा करायचा नाही. नियम वाईट होता का? नव्हता. त्यानं माझं दुकान वाचवलं. तिचंही वाचलं असतं.

घरं बघायला ठाण्याहून साहेब आले ते नेमके नारळी पुनवेला. त्या दिवशी भानूबाय मासळीला हात लावत नसे. ओटा घासून धुतलेला, वर रांगोळी, दाराला कुलूप. बाई सकाळच्या गाडीनं सातपाटीला, भावांकडं. साहेब माझ्या दुकानात टेकले, पाणी प्याले आणि शेजारी बोट दाखवून म्हणाले, “इथं काय चालतं?”

“राहतात,” मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं ना? राहतच होती ती. इथवर थांबलो असतो तर — पण त्यांनी पुन्हा विचारलं, “धंदा वगैरे?”

“नाही.”

एवढंच. कुणी धमकावलं नव्हतं, घाईही नव्हती. मला वास नको होता.

संध्याकाळी ती परतली. डब्यात माझ्यासाठी नारळीभात, पदराच्या गाठीत राखी. दरवर्षी बांधायची. मी हात पुढं केला. भातही खाल्ला — सगळा.

पावसाळा सरला आणि तिला ओट्यावरचा धंदा बंद करायची नोटीस आली. ती घेऊन ती माझ्याकडंच आली. आणखी कुणाकडं जाणार? “भाऊ, तू तर हुतास ना तवा? आमचा धंदा हाय म्हून साहेबाला नाय सांगलास?”

तेव्हा तरी बोलायचं होतं. सोबत जाऊन शब्द फिरवता आला असता. मी म्हणालो, “सांगितलं गं. भांडलो त्याच्याशी. नाही ऐकलं.”

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “मग तुजा काय दोष?”

त्यानंतर ती पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडली. गुडघे गेले. ओट्यावर बसून करायचं काम होतं ते, तिच्या वयाच्या बाईचं. शेवटी माहेरी जायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. मागणारे बरेच होते. तिनं मला दिलं. व्यवहाराला बसलेल्या चारचौघांना म्हणाली, “आमच्यासाटी साहेबाशी भांडलेला मानूस हाय ह्यो.”

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजतोय.