मामांची शिंक आणि सड्यावरचं डबकं

गेल्या मंगळवारी, भरदुपारी, भरल्या सभेत माझ्या मामांचा अपमान झाला. गगनबावड्याच्या सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळपठारावरचं, डबकं बुजवून तिथं हॉटेलच्या गाड्या लावायच्या की नाही, याची ती सुनावणी होती. खरं बोलून स्वतःचंच वाटोळं करणारा मामांसारखा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मामा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात आणि सुट्टीला त्या डबक्याकाठी रेकॉर्डर लावून बसतात. ते आवाज कॉम्प्युटरला देतात, पण हा बेडूक, तो रातकिडा, असं अवाक्षर सांगत नाहीत. सारखे आवाज त्यानं आपले आपण ओळखायचे आणि गट पाडायचे. "नावं सांगितली की त्यो आपलंच आपल्याला ऐकवतोय," हे मामांचं म्हणणं. ही खोड घरीदारी सगळीकडं. माझ्या बहिणीच्या लग्नात कुणालाही नाव न विचारता, नुसतं वागणं बघून त्यांनी पाव्हण्यांच्या पंगती लावल्या. नवरदेव बँडपुढं नाचत होता, तर त्याला बँडवाल्यांत बसवला! मामीनं एकदा विचारलं, "व्हय वो, मी कुठल्या गटात?" मामा गंभीरपणे म्हणाले, "तू कुठल्याच गटात बसंना झालीस." मामी आधी फुगली, मग दिवसभर गालात हसत होती.

तर सुनावणी. हॉटेलचा वकील म्हणाला, डबकं मेलेलं आहे. मामांनी आवाजांचे गट ऐकवले. एक थांबला की दुसरा सुरू, तो थांबला की तिसरा. कुणी कुणाच्या मधे तोंड घालत नाही; त्या सभेपेक्षा बरी शिस्त. आणि मग एका गटात नुसतंच, "आऽऽक्छी!"

"हा कुठला प्राणी?" वकिलानं विचारलं.

"मी," मामा म्हणाले. "सर्दी झालती."

सभागृह खदखदून हसलं. मी सुनावणीच्या आधीच हात जोडले होते, "मामा, शिंक काढा की!" तर म्हणे, "कॉम्प्युटरनं शोधलंय. मी कोण काढणार?" त्या एका शिंकेपायी अध्यक्षांनी सगळेच आवाज फेटाळले आणि डबकं बुजवायला परवानगी दिली. अरे, न सांगता त्यानं शिंक बेडकांतनं वेगळी काढली, म्हणजे यंत्राचा कान शाबूत आहे, एवढंही कळू नये?

सोमवारी डंपर येणार आहेत. मामा कुणाशी भांडत नाहीत. कॉलेज सुटलं की मोटरसायकल काढतात आणि काठावर जाऊन बसतात. शिंक आली की नाकाला रुमाल दाबतात. "त्यांचं बोलणं तोडायला नगो," म्हणाले परवा. घोषणा देण्यात हयात घालवायला निघालेला मी, पण तिथं मीही खिशातला रुमाल काढून हाताशी धरला.

म्हणून सांगतो, रविवारी संध्याकाळी सड्यावर या. फलक नको, घोषणा नको. काठावर बसा, तोंड मिटा, ऐका. आणि सोमवारी डंपर आले तरी उठू नका.