सिलोनची अक्का

महाडजवळच्या बौद्धवाडीत सिलोन म्हणजे रेडिओ. त्यामुळे चंपाबाईची मंजुळा कॉलेजच्या एका सत्रासाठी सिलोनला पाली शिकायला निघाली, तेव्हा निम्म्या वाडीला वाटलं, पोर गाणी लावायला चालली. ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मुंबईच्या कॉलेजातून निवड झाली आणि त्यात आपली मंजुळा! चंपाबाईनं मात्र अबोला धरला. लग्नाच्या वयाची पोर समुद्रापलीकडे धाडायची, हे काय खायचं काम आहे?

तिथल्या हॉस्टेलात मंजुळाला कुसुमा भेटली. दोघी एका खोलीत. कुसुमा वयानं मोठी, म्हणून अक्का. त्यांच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. सावळी, दणकट, आणि हसायला लागली की शेजारच्या मुली भिंत ठोकायच्या. पालीच्या व्याकरणात बाईसाहेबांची बोंब. कॅरममध्ये बिनदिक्कत लबाडी करायची आणि पकडली गेली की वर आपणच रुसायची. चहात साखर नाही. तळहातावर गुळाचा खडा, एक चावा गुळाचा, एक घोट चहाचा. हिंदी गाणी तोंडपाठ, अर्थाच्या नावानं शून्य. विरहाची गाणी ती नाचत नाचत म्हणायची. मंजुळानं एकदा अर्थ सांगितला, तर म्हणाली, "सांगू नकोस गं, चांगलं चाललंय माझं."

मग मंजुळाला हिवतापानं धरलं. अंग फणफणलं, तोंडानं बडबड सुरू झाली. कुसुमानं परीक्षेचा पेपर बुडवला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन ती कपाळावर ओल्या घड्या बदलत बसली.

मंजुळा परत आली, पोलादपूरच्या शाळेत बाई झाली, रोज एसटीनं जाऊ-येऊ लागली. पण अक्काला सोबत घेऊनच आली म्हणा ना! ऊठसूट तिचंच पुराण. वाडीतली पोरं हातावर गूळ घेऊन चहा पिऊ लागली. पाण्याला जाताना बाया विचारायच्या, "काय म्हणते गो तुझी अक्का?" चंपाबाई कधी काही विचारत नसे. तापाची हकिकत ऐकून ती एवढंच म्हणाली, "बरं केलंन तिनं." मात्र दर उन्हाळ्यात फणसपोळी वाळली की एक पुडी बाजूला ठेवायची. पोस्टानं जाईस्तोवर बुरशी धरेल, असं म्हणत शेवटी घरातच वाटून टाकायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ठेवायची.

एक्क्याऐंशी साली कुसुमाच्या भावाचं पत्र आलं. अक्का काविळीनं गेली होती. मंजुळा पायातल्या चपलांसकट ओट्यावर बसून राहिली. तिकडे सगळं आटोपलंही असेल, आपल्याला रडायलासुद्धा उशीर झाला, याचंच तिला फार वाईट वाटलं. मग डोळे पुसून ती उठली आणि थेट वाडीच्या पंचायतीचे अध्यक्ष काशीरामदादा यांच्या दारात उभी राहिली. अक्काची शोकसभा विहारात घ्यायची.

काशीराम माणूस भला, पण रीतीचा भारी पक्का. त्यानं डोकं खाजवलं. "नाय कशाला म्हणू गो? पण फोटोपाशी घरचं माणूस लागतं. पहिली मेणबत्ती त्यानं लावायची. लोक भेटणार ते कोणाला?"

"मी बसते की, दादा."

"तू मैत्रीण. आज तुला बसवली, तर उद्या कोण पण बसेल. रविवारच्या वंदनेत नाव घेऊ तिचं. झालं."

झालं! मंजुळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी भिंती हलवणारी बाई, आणि ही माणसं नाव घेऊन मोकळी होणार! घरी येऊन तिनं पर्स आपटली आणि आईपुढे सगळी आगपाखड केली. चंपाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "रविवारी ना?" एवढंच विचारलं.

रविवारी विहार भरला. मंजुळानं हट्टानं फोटो मांडला होता. फोटो काढतानाही कुसुमा हसून हलली होती, त्यामुळे चेहरा जरा पुसट. त्रिशरण, पंचशील झालं. काशीराम उभा राहिला आणि घसा खाकरून नाव घेणार, एवढ्यात बायांच्या रांगेतून चंपाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली आणि पुढे जाऊन फोटोशेजारी बसली.

"चंपावयनी, तुम्ही?"

"मेणबत्ती दे इकडे."

तिच्या तोंडाकडे बघून काशीरामनं मुकाट्यानं मेणबत्ती दिली.

मग काय, सभाच झाली. एकानं उठून कॅरमची लबाडी सांगितली. दुसरीनं नाचत म्हटलेली गाणी सांगितली. शोकसभेत माणसं खुदुखुदू हसली, आणि मंजुळाला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं. अक्का इथे कुणालाच परकी नव्हती.

शेवटी माणसं एकेक करून चंपाबाईला भेटू लागली. लेकीकडे पाहुणी आलेली पोलादपूरकडची ठकूबाई पण रांगेत होती. तिला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तिनं चंपाबाईचा हात हातात घेतला.

"वाईट झालं गो बाय. तुझी कोण ही? कधी बघितली नाय."

मंजुळा खुलासा करायला पुढे झाली, पण चंपाबाईनं तिला हातानं थांबवलं.

"थोरली माझी," ती पदर डोळ्यांना लावत म्हणाली. "लांब दिली व्हती."